विहिणींचे उमेदवार

लिक्सलिप,
८ जुलै

सुचित्राताईंना लताचा नमस्कार.

पत्र पाहून दचकू नका, घरात सगळे खुशाल आहेत. फोनवर बोलायचं तर माझ्या मागे तुमची तन्वी ओट्याशी उभी असते आणि तुमच्या मागे तुमचा अनिमेष. मला जे बोलायचंय ते मुलांच्या कानावर घालण्यासारखं नाही. राजकारणाबद्दल आहे.

आपण दोघी एकाच पक्षाच्या सभासद आहोत, हे मला परवा कळलं. तुम्ही मलिंगारच्या शाखेत जाता म्हणे. मी इथल्या शाखेत वर्षभर जाते आहे. तिथे हीटर चालू असतो आणि चहाबरोबर स्कोन मिळतात म्हणून आई जाते, असं अभिजित सगळ्यांना सांगतो. पंचवीस वर्षं शाळा चालवलेल्या बाईला सार्वजनिक कामात रस असू शकतो, हे कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात काम करणाऱ्या माणसाच्या लक्षात येत नाही.

तर यंदा आयर्लंडच्या राष्ट्रपतिपदासाठी पक्षाचा उमेदवार कोण, ते सभासद ठरवणार आहेत. तिघं उभे आहेत. त्यांना पसंतीक्रम देऊन मतपत्रिका टपालाने पाठवायची. गंमत अशी की राष्ट्रपतीच्या खऱ्या निवडणुकीत तुम्हाला-मला मत नाही, आपण इथल्या नागरिक नाही म्हणून. म्हणजे नवरदेव आपण पसंत करायचा आणि लग्नाला मात्र जायचं नाही.

माझी पसंती ठरली आहे. डिम्फना हॅलोरन. वीस वर्षं सकाळचा रेडिओ केलेली बाई. बोलायला लागली की भांडी घासताना हात थांबतो. वाचन आहे, विनोद आहे, साडेतीन भाषा येतात. दोष म्हणाल तर एकच, समोरच्याचं वाक्य ती पुरं होऊ देत नाही. पण तशी आमच्या घरात आणखी एक आहे, त्यामुळे मला सवय आहे.

तुमचं मत कळवा. मलिंगारला लोक काय म्हणतात याचीही उत्सुकता आहे. खेड्यात वेगळा विचार करतात.

तुमची,
लता

*

मलिंगार,
१५ जुलै

लताताई,

पाकिटावरचं अक्षर पाहून अनिमेष म्हणाला, शाळेतून नोटीस आली काय. त्याला म्हटलं, तसंच समज.

मलिंगार हे जिल्ह्याचं गाव आहे. इथे मोठं हॉस्पिटल आहे, माझा मुलगा त्यात डॉक्टर आहे, हे तुम्ही त्याच्या बहिणीला सून करून घेताना चार ठिकाणी सांगितलं होतं. तेव्हा खेडं नव्हतं.

डिम्फनाबाईचा रेडिओ मीही ऐकायची. कुणाच्या मांजरीला सर्दी झाली तरी तिला गहिवरून यायचं. अहो, इथल्या राष्ट्रपतीला सात वर्षं काम काय असतं? फिनिक्स पार्कातल्या त्या पांढऱ्या घरात राहायचं, झाडं लावायची, पाहुण्यांचे हात हाती घ्यायचे, पुढे येईल त्या कागदावर सही करायची. त्याला आवाज काहून पाहिजे? मनगट पाहिजे. आणि मनगट आहे फिन्टन क्वर्क यांचं. शेतीचे मंत्री होते. मागच्या महिन्यात आमच्या शाखेत आले, तर मी केलेले बटाटेवडे उभ्या उभ्या खाल्ले, आणि दर वड्याला "ग्रँड, ग्रँड" म्हणून राहिले होते. माझा हात असा हलवला की संध्याकाळी भाकरी थापता येईना. दोष आहेत, नाही म्हणत नाही. प्रत्येकाला हो म्हणतात. एका बाईला धरण बांधून देतो म्हणाले. तिने नळ गळतो म्हणून सांगितलं होतं.

तिसरे ते मॅलाकी टूही, गुरांचे डॉक्टर, आता रिटायर. भाषणाला उभे राहिले, चार वाक्यं बोलले आणि ही खिडकी उघडते का म्हणून विचारलं. त्यांना मत देणारा माणूस मला अजून भेटला नाही.

वाक्यं पुरी होऊ न देणारी ती दुसरी कोण, हे मी विचारत नाही. आमच्याकडे होती तोवर ती गप्प बसून ऐकायची. पुढे कोणाचं पाहून शिकली असेल, तुम्हीच सांगा.

सुचित्रा

*

लिक्सलिप,
४ ऑगस्ट

सुचित्राताई,

वडे खाणारा माणूस राष्ट्रपती करायचा, तर आमचा अभिजित काय वाईट आहे?

पण आज भांडायला वेळ नाही, बातमी मोठी आहे. डिम्फनाबाईंच्या प्रचार कचेरीतून मला फोन आला. चेरीवूडला एका कंपनीच्या सभागृहात 'नव्या आयर्लंडसोबत एक संध्याकाळ' असा कार्यक्रम होता, त्यात मी मंचावर असावं अशी त्यांची इच्छा होती. शाखेतल्या इतक्या लोकांतून मला बोलावलं. रंगीत काही नेसून या, असं त्या मुलीने आवर्जून सांगितलं. मी हिरवी नारायणपेठ नेसले, हातभर बांगड्या घातल्या.

मंचावर आम्ही सहाजण होतो. एक नायजेरियाचे गृहस्थ त्यांच्या झग्यात, एक ब्राझिलची मुलगी, बाकी असेच. डिम्फनाबाईंनी येऊन माझे दोन्ही हात धरले. नाव विचारलं. मी म्हटलं लता. त्या म्हणाल्या, "लाटे? कॉफीसारखं? किती गोड." मी उच्चार नीट करून सांगणार होते, पण तेवढ्यात फोटो काढायला सुरुवात झाली. मी भाषणही तयार केलं होतं, वाचनालयांबद्दल. ते राहिलं. वेळ कमी होता.

आता तो फोटो प्रचाराच्या पत्रकावर येणार आहे. घरोघरी.

तुमच्या मुलीला मात्र याचा आनंद नाही. गाडीने तीच सोडायला आली होती, आणि वाटेत म्हणाली, "आई, ते तुम्हाला दाखवायला बोलावतायत, ऐकायला नाही." मी तिला सांगितलं की स्वतः औषधांच्या कंपनीत दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या, म्हणजे घरी आल्यावरही तेच सुचतं. त्यानंतर आमचं बोलणं कामापुरतंच आहे. आपली नात रेवा मध्ये बसून निरोप पोचवते. मी मराठीत सांगते, ती आईला इंग्रजीत सांगते, आणि माझ्या निरोपातला निम्मा राग वाटेत सांडतो.

लता

*

मलिंगार,
२१ ऑगस्ट

लताताई,

उत्तराला उशीर झाला. इकडे थोडी गडबड होती.

मंचावर बोलावलं, छान झालं. साडी कोणती म्हणालात, हिरवी नारायणपेठ? लाल काठाची? बरं.

क्वर्क यांच्याबद्दल तुम्हाला कुठूनतरी कळेलच, त्यापेक्षा मीच सांगते. मागच्या शुक्रवारी आमच्या हॉलमध्ये त्यांची सभा होती. सेक्रेटरी म्हणाली, तुमच्या त्या वड्यांशिवाय सभा कशी होणार. मी सकाळपासून कढईशी उभी. इकडच्या स्थानिक रेडिओवर त्यांची मुलाखत लागली होती. घरभाड्यांबद्दल विचारलं, तर म्हणाले, बाहेरून लोक येतात, घरं भरून टाकतात, आपण पहिले आपल्या माणसांचं पाहिलं पाहिजे. माझ्या हातात झारा तसाच राहिला आणि एक घाणा करपला.

मी रेडिओ बंद केला. सगळे वडे तळले, डब्यात भरले, आणि सेक्रेटरीला फोन लावला. म्हटलं, "वडे झाले आहेत. पण मंत्रीसाहेब म्हणतात ते बरोबर आहे, पहिले आपली माणसं." डबे घेऊन अनिमेषच्या वॉर्डात गेले. तिथे केरळच्या, फिलिपिन्सच्या, मलिंगारच्या नर्सेस, सगळ्या उभ्यानेच जेवतात. पाच मिनिटांत डबे रिकामे.

सभेत सुका केक होता, असं ऐकलं.

तुमचं-तन्वीचं बोलणं सुरू झालं असेल अशी आशा. ती तोंडाने फटकळ आहे. बाकी ते पत्रक वगैरे फार मनाला लावून घेऊ नका. कागदच तो.

सुचित्रा

*

लिक्सलिप,
२८ ऑगस्ट

सुचित्राताई,

तुमच्या मंत्र्यांचं मनगट अखेर कुठल्या कामाचं निघालं ते कळलं. मी बोलून दाखवणार नाही, कारण वड्यांचं तुम्ही जे केलंत ते मला मनापासून आवडलं. शाखेत सांगितलं, तर आमचे अध्यक्ष हसून हसून खुर्चीत मागे कलंडले.

पण पत्रक मनाला लावून घेऊ नका, म्हणजे काय? तीन आठवडे तुम्ही त्याबद्दल एक अक्षर लिहीत नाही आणि मग म्हणता कागदच तो. मी वयाने तुमच्याहून मोठी आहे, शाळेत पन्नास शिक्षिकांचे हेवेदावे सांभाळले आहेत. कुणाला काय बोचतं ते मला कळतं. तुमचा उमेदवार पडला आणि माझ्या उमेदवाराने मला शेजारी उभं केलं, याचं वाईट वाटणं साहजिक आहे. माणूस आहे.

आमच्याकडे पत्रक आलं. सोबत एक पाठवते. पहिल्याच पानावर डिम्फनाबाई आणि मी, खाली 'सगळ्यांचं आयर्लंड'. शेजारच्या मिसेस डॉयल यांनी ते फ्रिजला लावलं आहे. तुमच्या मलिंगारला अजून वाटलं गेलं नसेल तर तसं कळवा, मी कचेरीत सांगते.

लता

*

मलिंगार,
३ सप्टेंबर

लताताई,

मलिंगारला ते वाटलं. दहा ऑगस्टलाच आमच्या दारात पडलं होतं. मी तुम्हाला पाठवणार नव्हते. तुमचं हे पत्र आलं नसतं तर पाठवलंही नसतं.

सोबत ठेवते. पाहा. तोच फोटो आहे, तेच हसू. 'सगळ्यांचं आयर्लंड'च्या जागी 'आपल्या मातीतला आवाज' असं छापलं आहे. आणि तुम्ही नाही. डिम्फनाबाईच्या उजव्या हाताला, कागदाच्या कडेला, कोपरापासून पुढचा तुमचा हात आहे. बांगड्या आणि काठ दिसतो. तुम्ही कोणती साडी नेसला होता ते मी याच्यासाठी विचारलं. वाटलं, दुसऱ्या कुणाचा असला तर बरं.

अनिमेषने चौकशी केली. डब्लिनच्या आसपास एक पत्रक, इकडे गावाकडे दुसरं. कुठे तुम्ही चालता आणि कुठे चालत नाही, हे त्यांनी नकाशा घेऊन ठरवलं आहे.

मी तन्वीला फोन केला तेव्हा तिला हे आधीच माहीत होतं. तिच्या कंपनीतली एकजण लाँगफर्डहून येते, तिने दाखवलं होतं. तन्वी म्हणाली, "आईंना सांगू नकोस, त्यांनी शाळेच्या मैत्रिणींना फोटो पाठवलाय." हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिते. तीन आठवडे तुमच्याशी न बोलणारी पोरगी तीन आठवडे हे गिळून बसली होती.

हेवा म्हणालात, त्याचं उत्तर देत नाही. थोडा होता. दहा ऑगस्टपर्यंत.

सुचित्रा

*

लिक्सलिप,
२० सप्टेंबर

सुचित्राताई,

पत्र आलं त्या दिवशी मी कुणाशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. अभिजितला वाटलं माझी शुगर वाढली. त्याने यंत्र आणून बोट टोचलं. शुगर ठीक निघाली.

परवा मेनूथला एका हॉटेलात तिन्ही उमेदवारांची समोरासमोर सभा होती. सभासदांनी प्रश्न विचारायचे. मी जाते म्हटलं तर तन्वीने फक्त गाडीची किल्ली घेतली. पर्समध्ये दोन्ही पत्रकं होती आणि चार ओळींचा इंग्रजी प्रश्न पाठ होता.

पहिला तास तुमचे क्वर्क बोलले. रेडिओवरचं वाक्य संदर्भ सोडून घेतलं म्हणाले. संदर्भ विचारला तर गाईंबद्दल बोलू लागले. मग माझी पाळी आली. मी उभी राहिले, "माझं नाव" इथवर आले, तोच डिम्फनाबाई मंचावरून म्हणाल्या, "अगं बाई, लाटे. किती छान, तुम्ही आलात." लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि सुचित्राताई, माझं सगळं इंग्रजी गेलं. चार ओळींतली एक ओळ सापडेना. राग आला की मला मराठीच येते. मी दोन्ही कागद वर धरले आणि मराठीत म्हटलं, "बाई, या कागदावर मी आहे, आणि या कागदावर नुसता माझा हात आहे. बाकीची मी कुठे गेले ते कळलं तर बरं होईल."

सभागृहात कुणाला काही कळलं नाही. सूत्रधार म्हणाले, थँक यू, पुढचा प्रश्न. तेवढ्यात मागून दारापासून तन्वीचा आवाज आला. "थांबा. त्यांचा प्रश्न मी सांगते." चालत पुढे आली, माझ्या हातातून कागद घेतले, आणि इंग्रजीत म्हणाली, "या माझ्या सासूबाई आहेत. त्यांचं नाव लता आहे, कॉफी नाही. पंचवीस वर्षं त्यांनी शाळा चालवली. त्या विचारतायत, त्यांचा चेहरा कुठल्या काउंटीत चालतो आणि कुठल्या काउंटीत नुसता हात पुरतो, त्याची यादी मिळेल का."

एवढं मी म्हटलं नव्हतं. म्हणायला हवं होतं.

डिम्फनाबाई म्हणाल्या, हे डिझाइन करणाऱ्या मुलाचं काम, मजकुराला जागा हवी होती म्हणून—. तन्वी म्हणाली, "जागा तशीच रिकामी आहे. हिरवा रंग भरलाय." त्या पुन्हा बोलायला लागल्या, तन्वीने पुन्हा तोडलं. रेडिओवर वीस वर्षं इतरांना तोडणाऱ्या बाईला इतक्या लोकांसमोर कुणी वाक्य पुरं करू दिलं नाही, हे मी पहिल्यांदा पाहिलं. आमच्या घरची पद्धत आहे, तुम्हाला माहीतच आहे.

मग ते गुरांचे डॉक्टर, टूही, म्हणाले, जरा बघू तो कागद. चष्मा लावून दोन्ही पत्रकं पाहिली. म्हणाले, "बैलबाजारातसुद्धा अख्खं जनावर उभं करावं लागतं." एवढंच बोलून खाली बसले. मला बैलबाजारात नेल्याबद्दल रागवावं की काय, हे मी अजून ठरवते आहे. पण लोक हसले ते डिम्फनाबाईंना हसले, मला नाही.

परत येताना तन्वी म्हणाली, "त्या दिवशी मी सोडायलाच नको होतं तुम्हाला." मी म्हटलं, मी बसने गेले असते. थोड्या वेळाने म्हटलं, तू सांगितलं होतंस आणि मी ऐकलं नाही. घरी आल्यावर तिने चहा टाकला, आणि आम्ही दोघी ओट्याशी उभ्या राहून तुमच्याबद्दल बोललो. काय बोललो ते विचारू नका.

मतपत्रिका आली आहे. पहिली पसंती बैलबाजाराला देते आहे.

लता

*

मलिंगार,
१७ ऑक्टोबर

लताताई,

निकाल पाहिलाच असेल. डिम्फनाबाई आरामात निवडून आल्या. मेनूथची गोष्ट पेपरात दोन दिवस गाजली आणि तिसऱ्या दिवशी तिच्या कुत्र्याचा फोटो आला. क्वर्क दुसरे. टूही अगदी तळाला, तेही माझं आणि तुमचं मत धरून. म्हणजे त्यांना मत देणारी माणसं मला अखेर भेटली. पक्षाला दोन पत्रकं काढणारी बाईच पाहिजे होती, दुसरं काय. आता पक्ष तिला पुढे करेल आणि देश काय ते पाहील. मी वर्गणी भरली नाही. सेक्रेटरी दोनदा वड्यांची चौकशी करून गेली.

आता खरं काम. तन्वीचा काल फोन होता. तुमच्या गल्लीतले लोक तिला म्हणून राहिले आहेत की तिथल्या स्थानिक कौन्सिलच्या पुढच्या निवडणुकीला अपक्ष उभी राहा. त्या मिसेस डॉयल तर सह्या गोळा करायला निघाल्या म्हणे. अजून वेळ आहे, पण ती गंभीरपणे विचार करते आहे. मला विचारलं, आई, माझ्यात काय आहे आणि काय नाही ते खरं सांग.

मी खरं सांगितलं. तुम्हालाही सांगते, तुम्ही रोज पाहता. पोरीला धीर नाही. लोकांकडे मत मागायचं तर तोंडावर गोडवा पाहिजे, तो तिला जन्मात जमला नाही. नागपूरला असताना वर्गप्रमुखाच्या निवडणुकीत उभी होती, तर समोरच्या पोरीचं भाषण ऐकून तिलाच मत देऊन आली. एका मताने पडली. नाव, चेहरा लक्षात ठेवत नाही. लग्नात तुमच्या सख्ख्या भावाला केटररवाला समजून वरण गरम करा म्हणाली होती. चिडली की जेवत नाही. दारोदार फिरेल, आणि दारात कुणी चुकीचं बोललं तर तिथेच वाद घालत बसेल, पुढची चाळीस घरं राहून जातील. शिवाय नोकरी, रेवा, घर. मला तर ती पडेल असंच वाटतं, आणि पडली की ऐकून घ्यायला मीच असते. मी आई आहे, मला खोटं बोलता येत नाही. माझं मत असतं तर मी तिला दिलं नसतं.

तुम्ही तिला समजावा. तुमचं ऐकते आता.

सुचित्रा

*

लिक्सलिप,
२३ ऑक्टोबर

सुचित्राताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा बसून, दुसऱ्यांदा उभी राहून.

तिला धीर नाही म्हणता. माझ्यासोबत एका घरात अकरा वर्षं काढली आहेत तिने. तुम्ही चार दिवसांसाठी येता आणि तिसऱ्या दिवशी मेनूथला गाडी बदलून मलिंगारला परतता. धीर कशाला म्हणतात ते मी तुम्हाला काय सांगू.

तोंडावर गोडवा नाही, हे खरं. गोडवा काय करतो ते मी नुकतंच पाहिलं आहे, त्यात मला कोपरापर्यंत कापलं. वर्गप्रमुखाच्या निवडणुकीत तिने समोरच्या मुलीला मत दिलं, ही गोष्ट तिने मला कधी सांगितली नव्हती. ती मी प्रत्येक दारात सांगणार आहे. माझ्या भावाला वरण गरम करायला सांगितलं कारण ते गार होतं, आणि त्याने ते आणूनही दिलं. अजून कौतुकाने सांगतो. दारात वाद घालेल म्हणता. तेवढ्यासाठी मी बरोबर असेन. ती वाद घालेल, तोवर पुढची चाळीस घरं मी करेन. माझं इंग्रजी आता राग आला तरी जात नाही. मिसेस डॉयलबरोबर रोज सराव चालू आहे, तिला भांडायला आवडतं.

जेवणाचं आणि रेवाचं मी बघते. अभिजितला पोळ्या शिकवायला घेतल्या आहेत. नकाशे चांगले येतात.

तिच्यात दोष आहेत, मी त्यांची यादी तुमच्याहून मोठी करून देईन. पण ती माझ्या घरची यादी आहे, बाहेरच्यांनी तिला हात लावायचा नाही. उभी राहा म्हणून मी तिला काल रात्री जेवताना सांगितलं. तिने माझं वाक्य पुरं होऊ दिलं नाही, मध्येच हो म्हणाली.

कौन्सिलच्या निवडणुकीत इथे राहणाऱ्या कुणालाही मत असतं, नागरिक असो की नसो. तेव्हा माझं मत आहे, आणि ते कुणाला आहे हे सांगायला नको. तुमचं मत मलिंगारला आहे, लिक्सलिपला नाही, ही मात्र फार बरी गोष्ट झाली.

तुमची,
लता